दस्तुरखुद्द

हे लिहायचं मी खूप वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी मास्तर हयात होते म्हणून, मग ते गेले म्हणून. पुढे वाटायला लागलं, आता हे ऐकून कोणाचं काय भलं होणार? शिवाय वाडीत कामं असायचीच. केळीचं पाणी, पानवेलींची बांधणी, मुलांच्या परीक्षा, मग नातवंडांच्या. ऐंशी उलटली की कारणंही थकतात. माझी गेल्या पंधरवड्यात संपली.

निवडणुकीचा हंगाम पुन्हा आलाय. निर्मळची यात्रा उठली, सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकणाऱ्यांची पालं गेली आणि त्यांनी सोडलेल्या जागांवर उमेदवारांचे चेहरे उभे राहिले. रिक्षावरचा कर्णा देवळाच्या वळणावर आला की झाडावरचे बगळे उडतात आणि तो पुढे गेला की परत बसतात. सुनेच्या फोनवर दिवसातून चारदा कोणीतरी बोलतं. "नमस्कार, मी तुमचा…" ती "हां हां, बोला ना" म्हणते आणि मग कपाळावर हात मारते. "अहो बाबा, रेकॉर्डिंग आहे. परत फसले मी."

परवा दारात एक पत्र पडलं होतं. जाड, गुळगुळीत कागद. 'आपल्याच घरातला एक' अशी सुरुवात आणि खाली निळ्या शाईत सही. सही इतकी खरी, की शाई ओली असेल असं वाटावं. मी बोट जिभेला लावलं आणि सहीवरून फिरवलं. सून बघत होती.

"छापील आहे ती बाबा. सगळ्यांना सेम आलंय."

मला ते ठाऊक होतं. तरी फिरवलं. सही पुसली गेली नाही.

त्याच आठवड्यात केतकी आली. केतकी म्हणजे मास्तरांची नात. विरारला मनवेलपाड्यात राहते, रोज मुंबईला बँकेत जाते, आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटर घेऊन आमच्या गावांतून हिंडते. मास्तरांच्या जन्माला शंभर वर्षं होतायत, तर वाचनालयासाठी त्यांच्या निवडणुकीतल्या पत्रांची एक पुस्तिका करायची, असं तिच्या मनात आहे. मास्तरांची पत्रं लोकांनी जपून ठेवली होती. देव्हाऱ्याच्या मागे, जमिनीच्या कागदांत, कोणी बायबलमध्ये. तिने ती घरोघर जाऊन मागून आणली. मास्तरांची स्वतःची ट्रंकही उघडली.

"आजोबा, एक गोष्ट मला क्लिअर होत नाहीये," तिने माझ्यासमोर पत्रं मांडली. "ही बघा. तुम्ही हस्ते म्हणून लिहिलेली थोडी सोडली, तर ह्या निवडणुकीपर्यंत प्रत्येक पत्राच्या खाली त्यांनी दस्तुरखुद्द लिहिलंय. नंतरच्या एकाही पत्रात नाही. अक्षर तेच, मायना तोच, फक्त तो शब्द गायब. असं का? तुम्ही तर कायम त्यांच्याबरोबर होतात."

मग तिने प्लास्टिकच्या पाकिटातून एक पोस्टकार्ड काढलं.

"आणि हे मला कव्हरवर घ्यायचंय. किती कमी शब्दांत लोकांना धीर दिलाय! पुढच्या आठवड्यात छापायला जाणार सगळं. तुम्ही ह्याच्याबद्दल चार ओळी लिहून द्याल?"

कार्ड पिवळं पडलं होतं. एका कोपऱ्याला चिखलाचा डाग. मी ते लांबूनच ओळखलं.

"हल्ली दिसत नाही नीट," मी म्हणालो. "ठेवून जा."

आता ते माझ्यासमोर आहे. मला दिसतंही चांगलं.

तो उन्हाळा मला आधी वासांनी आठवतो. मास्तरांच्या ओटीवर शाईचा वास असायचा, पत्र्याच्या डब्यातल्या खळीचा असायचा, आणि माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सुपात वाळत घातलेल्या आंबोशीचा. मागच्या वाडीत रहाट कुरकुरत असायचा. दुपारी वारा फिरला की खाडीकडून मिठागरांचा वास यायचा, ओल्या चुन्यासारखा. त्या वासावरून मास्तर वेळ सांगायचे. "चार वाजले. टपाल येईल आता." आणि टपालवाल्याची सायकल खरोखर वळणावर दिसायची.

मास्तर पंचायत समितीला उभे होते. अपक्ष. समोरच्याकडे जीप होती, दगडाची खाण होती, कर्णा होता. मास्तरांकडे एक सायकल आणि तीस वर्षांत शिकवलेली मुलं होती. त्यांतलाच मी एक. तेव्हा मी तिशीचा होतो, दोन मुलांचा बाप. हे मुद्दाम सांगतो, कारण पोरवयात चूक झाली असं म्हणायची सोय मला नाही.

मास्तरांकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. मुंबईला फुटपाथवर घेतलेलं, पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलायतेतल्या कुठल्याशा गिरणीगावातून पार्लमेंटला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थाची निवडणुकीतली पत्रं त्यात होती. मतदारांनी त्याला लिहिलेली आणि त्याने त्यांना लिहिलेली. म्हाताऱ्यांच्या पेन्शनबद्दल, पावाच्या भावाबद्दल, बायकांना मत असावं की नसावं त्याबद्दल. आमचा देश तेव्हा त्यांच्या ताब्यात होता, आणि त्या एवढ्या जाड पुस्तकात आमचं नाव आलं ते कापसाच्या निमित्ताने. पण मास्तरांना त्याचा राग नव्हता. त्यांना त्या माणसाच्या पत्रांचं वेड होतं. प्रत्येक पत्राला उत्तर. स्वतःच्या हाताने.

माई म्हणायच्या, "इंग्रज गेला, पण त्याचं टपाल आमच्या ओटीवर विसरून गेला."

त्यातलं एक पत्र मास्तर पुन्हा पुन्हा मराठी करून सांगायचे. कोणा गिरणीकामगाराने काहीतरी मागितलं होतं, आणि ह्याने लिहिलं होतं की हे माझ्या हातात नाही. केवळ तुमच्या मतासाठी मी हो म्हणालो, तर असल्या माणसाला तुम्ही मत देऊ नये. हे सांगताना मास्तरांचा आवाज जड व्हायचा. "सदा, मत जाणार हे ठाऊक असून लिहिलंय बघ त्याने."

"मग निवडून आला का तो?" मी एकदा विचारलं.

"तो प्रश्न नाही."

"पण आला का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "पडला," ते म्हणाले. "त्या खेपेला पडला."

तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

आणि मास्तरांनी तेच सुरू केलं. गावोगाव सांगून ठेवलं, जे काही विचारायचं ते कार्डावर लिहा, मी उत्तर देईन. लोकांनी लिहिलंही. कोणी शाळेच्या कौलांबद्दल, कोणी विहिरीबद्दल. शेजारच्या एका म्हाताऱ्याने लिहिलं, मत तुम्हालाच देणार होतो, पण तुमचा कोंबडा माझ्या वालात येतो. मास्तरांनी त्यालाही कार्ड टाकलं, भिंतीपलीकडे. 'कोंबड्याविषयी आपण लिहिता ते खरे आहे. त्यास आजपासून डालून ठेवतो. मत मात्र कोंबड्याकडे पाहून देऊ नये.' माई दोन दिवस हसत होत्या.

प्रत्येक कार्डाखाली सहीनंतर एक शब्द असायचा. दस्तुरखुद्द. जुन्या कागदांत असतो, म्हणजे हे मी माझ्या स्वतःच्या हाताने लिहिलंय. मास्तरांनी हा शब्द आम्हाला पहिलीपासून शिकवला होता. पत्र स्वतः लिहिलं तर खाली दस्तुरखुद्द लिहा. दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर 'हस्ते' म्हणून त्याचं नाव घाला. वाचणाऱ्याला हात कोणाचा ते कळलं पाहिजे. चौथी करून शाळा सोडलेली माणसंही आमच्याकडे पत्राखाली ऐटीत दस्तुरखुद्द लिहायची. दुसरं काही नसलं, तरी तेवढं त्यांचं स्वतःचं होतं.

चैत्रात मास्तरांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. आधी ठणका, मग सूज मनगटापर्यंत. गव्हाच्या पिठाचं पोटीस बांधून झालं, शेवटी डॉक्टरांनी चिरा दिला आणि बोळा भरून पट्टी बांधली. पेन धरणं शक्य नव्हतं. मतदानाला तीन आठवडे होते आणि रोज टपाल येत होतं.

"तू लिही," मास्तर म्हणाले. "मी सांगतो तसं. आणि खाली हस्ते सदानंद."

मी लिहायला बसलो. माझं अक्षर मास्तरांसारखं होतं, त्यात नवल नव्हतं. त्यांनी घालून दिलेला कित्ता गिरवूनच मी शिकलो होतो. त्यांच्यासारखाच माझ्या 'ळ'चा खालचा वेढा मोठा यायचा. पहिल्या दिवशी कार्ड हातात घेऊन माई म्हणाल्या, "अगंबाई, हे तर तुमचंच." मास्तर पट्टी बांधलेला हात छातीशी धरून हसले. मला फार बरं वाटलं.

मग जानकीचं पत्र आलं.

जानकी खाडीकडच्या पाड्यावरची. माझ्या मागे दोन-तीन वर्गांनी होती, चौथीपर्यंत शिकली आणि मग मिठागरावर लागली. पाड्याची भातजमीन खाडीच्या काठाला. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध होता, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्याला उघाडी, म्हणजे दार. त्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे एका जागी तो फुटला होता. पत्र तिच्याच हातचं होतं. मला ते आजही पाठ आहे.

'मास्तरांना नमस्कार. उघाडीजवळ बांधाला खांड पडली हाय. गेल्या सालचं भात खाऱ्या पान्यानं गेलं. पाड्यावरचे म्हनतात, उन्हाळ्यात आपनच बांध घालू. पन त्याला मिठाचं काम पंधरा दिस सोडावं लागल आनि मिठाचा मोसम तोच हाय. दुसरा उमेदवार म्हनतो सरकारी दगड टाकून देतो, तुमी कशाला मरता. आमाला दोनातलं येकच करता येल. तुमी आमाला खोटं सांगनार नाय म्हनून इचारते. सरकार करनार का आमी करू. तेवढं कळवा. जानकी, दस्तुरखुद्द.'

मास्तरांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग डोळे मिटून सांगितलं, "लिही. सरकारी काम पावसाआधी होणार नाही. तुम्हीच बांधा. दिवस ठरवून कळवा, मी आणि सदा टोपल्या घेऊन येतो."

तेवढ्यात त्यांना कोणीतरी सभेसाठी बोलवायला आलं. ते सायकल न घेता चालतच गेले, हात गळ्यात अडकवून. ओटीवर मी एकटा, समोर कोरं कार्ड.

मी विचार केला तो असा. हे उत्तर गेलं की पाडा हातचा गेला. समोरचा दगड देतो म्हणतोय आणि आम्ही टोपल्या. कोण देईल मत? मास्तर पडतील, त्या विलायती माणसासारखे. आणि मास्तर निवडून आले तर बांधाचं काम मंजूर करून आणणं काय कठीण आहे? मी स्वतः कचेरीत खेटे घालीन. मग आत्ता 'होईल' म्हटलं, तर ते खोटं कसं?

मी लिहिलं, 'बांध पावसाआधी सरकारकडून होईल. तुम्ही मिठाचं काम सोडू नका. निर्धास्त असा.'

मग मास्तरांचं नाव. आणि खाली हस्ते सदानंद लिहायचं ते लिहिलं नाही. पाड्यावर माझ्या नावाला कोण विचारतं? मी दस्तुरखुद्द लिहिलं. मास्तर निवडून यावेत म्हणून लिहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंच आहे. पण आज सगळं लिहायला बसलोय तर हेही लिहितो, की तो शब्द लिहिताना मला सुख झालं होतं. त्या एका ओळीपुरता मी मास्तर झालो होतो. कार्ड वाळायच्या आत टपालपेटीत टाकून आलो.

मास्तर निवडून आले. फरक थोडाच होता, आणि खाडीकडच्या पेटीत मतं आमची निघाली. पोरांनी गुलाल उधळला, माईंनी गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. त्या गर्दीतही मास्तरांनी मला विचारलं, "जानकीचं काही आलं नाही रे. दिवस ठरला का त्यांचा?"

"उरकलं असेल त्यांनी," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिलं निवडणुकीसाठी होतं असं म्हणता येईल. हे फक्त माझ्यासाठी होतं.

मी कचेरीत अर्ज दिला. खेटेही घातले. टेबलामागचा माणूस दर वेळी सांगायचा, "वरून यायचंय." वैशाख संपला, ज्येष्ठ लागला. वरून काही आलं नाही. आषाढात अमावास्येचं उधाण आलं आणि खाडी त्या खांडीतून आत शिरली. नुकतंच लावलेलं रोप पाण्याखाली गेलं. मी दुसऱ्या दिवशी लांबून बघून आलो. पाणी ओसरलं होतं, रोप उभं होतं, हिरवंही होतं. मला वाटलं, वाचलं. चार दिवसांनी ते शेंड्याकडून पिवळं पडलं आणि मग सगळीकडे गंजासारखा रंग आला. खाऱ्या पाण्याने जळणारं भात असंच जळतं, आधी काहीच झालं नाही असं वाटतं.

श्रावणात जानकी आली. बरोबर पाड्यावरची पाचसहा माणसं. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. ती ओटीच्या पायरीशी उभी राहिली, वर आली नाही. कमरेची पिशवी सोडून तिने कार्ड काढलं.

"मास्तर, ह्यो हात तुमचा का?"

मास्तरांनी कार्ड घेतलं. चष्मा लावून उजेडाकडे गेले. एकदा वाचलं. मी खांबाला टेकून उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. नवं नख वाकडं आलं होतं.

"हो," ते म्हणाले. "अक्षर माझं आहे."

"मंग असं का लिवलात? आमी बांधनार व्हतो."

"चुकलं, जानकी."

मागचा एक जण म्हणाला, "चुकलं म्हने! आमचं साल गेलं, नि ह्यांचं चुकलं."

"निवडून आला ना," दुसरा म्हणाला. "झालं मग. बसा आता खुर्चीत."

माई तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आल्या. आमच्याकडे ओटीशी आलेला माणूस, भांडायला आलेला असला तरी, पाणी घेतो. त्या दिवशी कोणी पेल्याला हात लावला नाही. ते निघून गेले. कार्ड मास्तरांच्या हातातच राहिलं.

त्या वेळी मला दोन पावलं पुढे यायचं होतं. तेवढंच. खांबापासून पायरीपर्यंत.

हिवाळा लागल्यावर मास्तर स्वतः टोपली घेऊन बांधावर गेले. मीही गेलो. पाड्यावरचे काही आले, काही आले नाहीत. ओळ लावून चिखलाच्या टोपल्या हातोहात पुढे जात होत्या. मी मास्तरांच्या शेजारी उभा होतो. दिवसभर त्यांच्या हातातली टोपली माझ्या हातात येत होती. प्रत्येक टोपलीला वाटायचं, आता बोलू. मग पुढची टोपली यायची. बांध उभा राहिला, पण आतली जमीन खारावली होती. तिच्यावर धड पीक यायला किती पावसाळे जावे लागले, ते मी मोजायचं टाळलं.

मास्तरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. चहाला हाक मारत राहिले, केळीवर रोग पडला तर बघायला येत राहिले. फक्त माझ्या हातात पुन्हा कधी पेन दिलं नाही. त्या वाकड्या अंगठ्याने हळूहळू स्वतःच लिहायचे, एक कार्ड लिहायला अर्धा तास. त्यांतलं पहिलं कार्ड टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मी वाटेत ते उलटून पाहिलं. सही होती. तिच्याखाली काही नव्हतं.

केतकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. एकदा खोट्यावर वापरला गेलेला शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही. तो मी वापरला होता, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना कळलंय हे मला ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. बाजारात त्यांना पाठीमागे 'कार्डवाले मास्तर' म्हणायचे. नव्या माणसाला ते कौतुक वाटायचं. जुन्यांना त्याचा अर्थ माहीत होता.

शेवटच्या दुखण्यात मी रोज जाऊन बसायचो. एकदा माई आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "सदा, काही बोलायचंय का?" खिडकीबाहेर शेवग्याला शेंगा लागल्या होत्या. मी म्हणालो, "शेवगा चांगला धरलाय यंदा." ते हो म्हणाले आणि कुशीवर वळले. जाण्याआधी ते इंग्रजी पुस्तक त्यांनी मला द्यायला सांगून ठेवलं होतं. मला इंग्रजी जेमतेम येतं, तरी मी कोश घेऊन वाचत गेलो. शेवटच्या पानांवर, संपादकाने बारीक अक्षरांत दिलेल्या टिपांत, एक टीप आहे. अमुक पत्र चिटणिसाच्या हातचं आहे, एवढंच तिच्यात लिहिलंय. तिच्याखाली पेन्सिलची एक रेघ आहे. मास्तरांची रेघ मला ओळखता येते.

मास्तर गेल्यावर एकदाच धीर करून मी जानकीकडे गेलो. पाडा सोडून ती लेकाकडे आचोळ्याला राहायला आली होती, चाळीतल्या एका खोलीत. दारात डब्यात तुळस. तिने मला लगेच ओळखलं.

"सदूभाव! या की. उंबऱ्यात काय उभे, पानी मागायला आल्यासारके?"

तिने चहा टाकला. मी काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. मी सुरुवात करायच्या आधीच तीच बोलायला लागली.

"मास्तर गेले ते कळलं. दुसऱ्या दिशी आलेले पाड्यावर, तुमाला सांगितलं का कदी? आमी वटीवरनं परत आलो ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. येकले. गुडघाभर चिखलातनं. माज्या पाया पडले, सदूभाव. मी वरडले, मास्तर तुमी मला अक्षर शिकवलंत, असं नका करू. तर म्हनले, जानके, माझ्या नावानं गेलं, माफी मी मागायची."

मला हे माहीत नव्हतं. चाळीखाली कोणीतरी भाजी विकत ओरडत होतं.

"तवा मी त्यांचा अंगठा बगितला," ती म्हणाली. "नख पार वाकडं. मी इचारलं, ह्यो कदी झालं? म्हनले, चैतात. अंगठा कापावा लागतो का काय असं झालेलं, म्हनले."

तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"आनि कार्ड बी चैतातलंच व्हतं," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता. शाळेत फळ्यावर प्रश्न लिहून मास्तर आमच्याकडे बघायचे तसं ते होतं. ती थांबली होती.

"चहा झकास झालाय," मी म्हणालो.

ती मग उठली. "घ्या आनखी अर्धा," ती म्हणाली. मी घेतला, प्यायलो आणि निघालो. दोन वर्षांनी ती गेल्याचं कळलं.

आज दुपारी सुनेला सांगून मी पोस्टातून कोरी कार्डं मागवली. "अजून मिळतात?" तिला आश्चर्य वाटलं. आधी केतकीसाठी चार ओळी लिहिल्या. हे कार्ड मास्तरांनी लिहिलेलं नाही. त्यांनी सांगितलेलं उत्तर वेगळं होतं. ते उत्तर अमुक असं होतं. लिहिणारा सदानंद. ही टीप कार्डाखाली छापावी, आणि छापायची नसेल तर कार्डही छापू नये. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. अक्षर अजूनही मास्तरांसारखंच येतं, 'ळ'चा वेढा मोठा. दुसरं अक्षर मला कधी आलंच नाही.

मग एक कोरं कार्ड पुढे ओढलं.

'जानकी,

तुला हे उत्तर यायचं होतं : सरकारी काम पावसाआधी होणार नाही. तुम्हीच बांधा. दिवस ठरवून कळवा, टोपल्या घेऊन येतो. ते मी लिहिलं नाही. दुसरं लिहिलं आणि मास्तरांच्या नावाने लिहिलं. आचोळ्याला तू थांबली होतीस, ते मला कळलं होतं. मास्तरांनी मागितली ती माफी माझी होती. मला माफ कर.

सदानंद, दस्तुरखुद्द.'

शाई वाळल्यावर कार्ड उलटलं. पत्त्याच्या ओळी तशाच कोऱ्या आहेत.